बाईंनी खोली आणली

घराचे फोटो काढायचे, एवढंच काम होतं. घर बिचारं एका जागी उभं होतं. ते पळणार नव्हतं, लाजणार नव्हतं, ऐन वेळी डोळे मिटणार नव्हतं. वर्गाचा फोटो काढताना अख्खा वर्ग नुसत्या भुवईच्या जोरावर स्थिर ठेवणाऱ्या बाईंना एक घर काय जड जाणार होतं? असं बाईंना वाटलं. पुढं जो काही अनर्थ झाला, तो या एका वाटण्यापायी झाला.

बाई म्हणजे भाषेच्या बाई. शाळेत इतर विषयांनाही बाई आहेत, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्या ह्याच. बाकीच्यांना आपापला विषय पुढं जोडून घ्यावा लागतो. दुकानदार 'साबण संपली' म्हणाला, तर बाई आधी त्याच्या साबणाचं लिंग दुरुस्त करतात आणि मगच दुसऱ्या दुकानाकडं वळतात. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली नाही, पण लाल शाई सगळ्यांनी खाल्ली आहे.

आणि घर म्हणजे तळ्याकाठचं घर. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बाई राहायच्या शाळेजवळ भाड्याच्या जागेत, पण सुट्टी लागली की खिडक्या उघडायला म्हणून या घरात जायच्या आणि खिडक्या बंद करायला काही लवकर उठायच्या नाहीत. निवृत्त झाल्यावर इथंच येऊन राहायचं, हे त्यांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. फक्त दादांना सांगायचं राहिलं होतं. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. घरात निम्मा वाटा त्यांचा, राहायला दूरच्या शहरात, आणि घरात शेवटचं पाऊल कधी टाकलं ते त्यांनाही आठवत नसेल.

तर सुट्टीच्या सुरुवातीला दादांचा फोन आला. तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलचे मालक घर घ्यायला तयार आहेत. पाडून गाड्या लावायला जागा करणार आहेत. दादा म्हणाले, "धाकटे, त्या घरात माणूस राहू शकत नाही. निदान गाड्या तरी राहतील."

बाईंना धक्का बसला की त्यांची भाषा जास्तच शुद्ध होते. त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, की एखादा परका माणूस स्वतःचे पैसे देऊन तिथं राहिला तर? दादा हसले. पुष्कळ वेळ हसले. मग म्हणाले, तसा माणूस भेटला तर मी विक्रीचं नाव काढणार नाही. पण सुट्टी संपायच्या आत. नाही भेटला तर मुकाट्यानं सही करायची. बाईंनी शब्द दिला. आता भाषेच्या बाईंनी शब्द दिला म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीचे लोक शब्द देतात आणि मागं घेतात. बाईंनी तसं केलं असतं तर त्यांना स्वतःलाच लाल शाईनं खूण करावी लागली असती.

सुट्टीसाठी घरं भाड्यानं देणारं एक संकेतस्थळ आहे. त्यावर घराचे फोटो टाकले की जगभरातून पाहुणे येतात, असं शेजारणीनं सांगितलं. ही शेजारीण म्हणजे पलीकडची. तळ्याकाठी तिचं घर बाईंच्या घराला लागूनच, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. म्हणून गल्लीत तिला 'पलीकडची' आणि तिच्या नवऱ्याला 'पलीकडचे' म्हणत. पलीकडची म्हणाली, "सगळं फोटोवर असतं बाई. माझं लग्नसुद्धा फोटोवरच जमलं होतं." एवढं बोलून तिनं आपल्या घराकडं अशी नजर टाकली, की बाईंनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी बाईंनी भरपूर फोटो काढले. निम्म्या फोटोंत त्यांचा अंगठा आला. उरलेल्या निम्म्यांत घर आलं, पण ते बघून अंगठा परवडला असं म्हणायची पाळी. उजेडानं भरलेली खोली फोटोत अशी दिसे, की इथं नुकताच काहीतरी गुन्हा घडून गेलाय. खुर्चीचे पाय बाहेर गेले होते, भिंती आत आल्या होत्या. ज्या खिडकीतून तळं दिसतं, तिच्यातून फोटोत नुसताच पांढरा भगभगीत उजेड. बाई थक्क झाल्या. इतकी वर्षं आपण हे घर डोळ्यांनी बघत होतो ते खोटं आणि हे खरं, की काय?

दुसऱ्या दिवशी गल्लीतले ओव्हरसियर आले. हे नोकरीतून निवृत्त, पण सल्ला देण्यातून काही अजून निवृत्त झालेले नाहीत. त्यांचं म्हणणं पडलं की घर नेहमी वरून बघावं; त्यांनी आयुष्यभर सगळी बांधकामं वरून बघितली. (ती नंतर खालून खचली, तो भाग वेगळा.) त्यांनी शिडी आणली आणि भर दुपारी, साडीचा काष्टा आवळून, बाई शिडीवर चढल्या. एरवी बाई फळ्याच्या वरच्या ओळीसाठीसुद्धा टाचा उंचावत नाहीत, उंच विद्यार्थ्याला बोलावतात. खालून ओव्हरसियर सूचना देत होते, आजूबाजूची पोरं गेटवर चढून उघड्या खिडकीतून आपल्या बाईंना छताला टेकलेलं बघत होती, आणि बाईंची प्रतिष्ठा एकेक पायरी खाली उतरत होती. फोटोत पलंग टपालाच्या तिकिटाएवढा आला. ठळक आणि स्वच्छ अशी एकच गोष्ट आली होती. ते ओव्हरसियरांचं टक्कल.

मग पलीकडचीनं सजावट हातात घेतली. तिच्या घरातलं जे जे तिला स्वतःला नको होतं, ते ते तिनं सजावट म्हणून आणून ठेवलं. एक फुलदाणी, एक प्लास्टिकचा हंस, पडदे, आणि लोकरीनं विणलेला एक प्रकार, जो कशावर घालायचा ते कुणालाच कळेना. तो सरतेशेवटी रेडिओवर घातला. बाईंनी डोळे मिटून फोटो काढले आणि संकेतस्थळावर पाठवून दिले.

तिथं एक छाननी विभाग आहे. तिथून एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. बाईंना वाटलं अभिनंदन करतेय. ती म्हणाली, आपले सर्व फोटो नाकारण्यात आले आहेत. पहिल्या फोटोत घर तिरकं आहे. बाईंनी शांतपणे सांगितलं, की घर सरळ आहे, फोटो तिरका आहे. मुलगी म्हणाली, आमच्याकडं फक्त फोटो आहे, त्यामुळं आमच्या लेखी घरच तिरकं. दुसऱ्या फोटोत व्यक्ती आढळली. बाईंनी कळवलं, ती व्यक्ती नसून टक्कल आहे. मुलीनं थोडा वेळ कुणाशी तरी चर्चा केली आणि सांगितलं की टक्कल व्यक्तीतच मोडतं. हंसाबद्दल तिनं विचारलं, की पाळीव प्राणी पाहुण्यांच्या सोबत राहणार का.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे, घर आपलंच आहे याची खात्री म्हणून मालकिणीनं दारात उभं राहून हसऱ्या चेहऱ्याचा फोटो द्यायचा होता. तो विभागाच्या नोंदीपुरता, बाहेर कुणाला दिसणार नव्हता. बाईंनी दिला. उत्तर आलं: ओळख पटली, हास्य पटलं नाही. बाईंनी दुसरा दिला. आपण कुणावर रागावला आहात का, अशी विचारणा झाली. बाईंना असा अपमान उभ्या नोकरीत कुणी केला नव्हता. हसण्याचे स्मितापासून खिदळण्यापर्यंतचे सगळे समानार्थी शब्द त्यांना पाठ होते. आता त्यांतला एकही चेहऱ्यावर येईना. शेवटी ओव्हरसियर शिडी परत नेताना मागच्या मागं कुंडीत बसले, त्या क्षणी पलीकडचीनं टिपलेला बाईंचा फोटो एका झटक्यात पास झाला. घराचे फोटो मात्र पुन्हा नाकारून परत आले. शेरा एकच: आकर्षक नाहीत.

बाईंनी आयुष्यभर शेरे दिले होते. घ्यायची ही पहिलीच वेळ.

बाजारात एक फोटोवाला आहे. पोटासाठी पासपोर्टचे फोटो काढतो, पण मनानं कलावंत; गिऱ्हाईकाला 'हनुवटी वर' असंसुद्धा डोळे मिटून, दुःखानं म्हणतो. स्वतः यायला त्याला वेळ नव्हता, दहावीच्या अर्जांची गर्दी होती. त्यानं बाईंचे फोटो एकेक करून बघितले, सुस्कारा टाकला आणि निकाल दिला.

"बाई, उजेड आहे, फुलं आहेत, सगळं आहे. पण खोली नाही."

बाईंना वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. "दोन आहेत की."

"कुठं? मला तर एकाही फोटोत खोली दिसत नाही. म्हणून तर पास होत नाहीत."

बाई चष्मा काढून, पुसून, परत लावून फोटो बघू लागल्या. मग म्हणाल्या, "मग आता?"

"आता खोली आणायची."

"आणायची? कुठून?"

"आणता आली पाहिजे. त्यातच तर कला आहे. दार उघडं ठेवा आणि पलीकडचं दिसू द्या. पलीकडचं आलं ना, की खोली आलीच म्हणून समजा."

बाईंनी आवाज खाली आणला. आजूबाजूला अर्जवाली मुलं उभी होती. "आणि हे चालतं?"

"चालतं म्हणजे? मोठमोठी हॉटेलं हेच करतात. जग त्यावरच चाललंय, बाई."

जग त्यावरच चाललंय. बाई रस्त्यानं परत येताना जगाकडं बघत होत्या आणि जग त्यांना ओळखू येत नव्हतं. सगळे करतात. मोठमोठी हॉटेलं करतात. दोन खोल्या असतील तर तिसरी शेजाऱ्याची आणतात, फोटोत घालतात, आणि याला कला म्हणतात. निबंधात दुसऱ्याचं एक वाक्य उतरवलं म्हणून त्यांनी मुलामुलींना वर्गाबाहेर उभं केलं होतं. आणि आज त्यांनाच दुसऱ्याची अख्खी खोली उतरवून आणायची होती. तळ्याकाठी पोहोचेपर्यंत त्यांच्या मनात दोन बाई भांडत होत्या. एक म्हणत होती, हे पाप आहे. दुसरी काही म्हणत नव्हती. ती नुसती मागच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या गाड्या दाखवत होती. दुसरी जिंकली.

पलीकडचीला सगळं सांगितल्यावर ती चक्क खूष झाली. आपली खोली जगभर दिसणार म्हटल्यावर कोण खूष होणार नाही? शिवाय ती खोली होतीच देखणी: तळ्याच्या बाजूला भली मोठी खिडकी, आरशाचं कपाट, झालर लावलेला पलंग. पाहुणे आले तर खोली खरोखर वापरायला देईन, असंही तिनं कबूल केलं, तेव्हा बाईंच्या मनातली पहिली बाई थोडी शांत झाली. म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. खोली होती. फक्त थोडी पलीकडं होती.

अडचण एकच. पलंगावर पलीकडचे झोपले होते. हे गृहस्थ दुपारचं जेवण झालं की झोपतात आणि भूक लागली की उठतात. बाईंनी हळूच फोटो काढला, पाठवला. छाननीवाल्या मुलीचा तातडीनं फोन: पलंगावर मनुष्य आढळला आहे, कृपया काढून टाकावा. बाईंनी निरोप पुढं पोहोचवला.

पलीकडची म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी तेच करून बघतेय. निघत नाहीत."

मग दोघींनी मिळून त्यांच्यावर चादर ओढली, घरातल्या सगळ्या उशा रचल्या, आणि वर तो लोकरीचा प्रकार घातला. त्याचा उपयोग अखेर सापडला. फोटो पाठवला. पास. नुसता पास नाही, 'अत्यंत आकर्षक' असा शेरा मिळाला, आणि 'उशांची रचना विशेष आवडली' असं खास कळवण्यात आलं. पलीकडच्यांचं कौतुक कुठल्याही कार्यालयाकडून झाल्याची ही पहिलीच नोंद असावी. तोच फोटो त्या लोकांनी सगळ्यात वर, सगळ्यात मोठा लावला. त्याच्या जोरावर आधी नाकारलेले फोटोही चालवून घेतले, आणि बाईंचं स्वतःचं घर त्याखाली, शिडीवरून दिसावं तसं, चिमुकलं दिसत होतं. खाली लिहिलं होतं: तीन खोल्या.

आणि सुट्टी संपत आली असताना, जेव्हा बाईंनी सहीसाठी पेनात शाई भरायला घेतली होती, तेव्हा फोन वाजला. बुकिंग. पूर्ण घर. एक जोडपं. नाव कधी न ऐकलेलं, म्हणजे चक्क परकं. बाई इतक्या दचकल्या की पलीकडचीच्या गळ्यात पडल्या, आणि ती त्याहून दचकली, कारण बाई कुणाच्या गळ्यात पडलेल्या गावानं पाहिलेल्या नव्हत्या.

उपकार मानायला म्हणून बाई फोटोवाल्याकडं गेल्या. तो सगळ्यात वरचा मोठा फोटो त्याला दाखवून म्हणाल्या, "आणली बघा खोली."

तो बघत राहिला. "ही कुणाची खोली?"

"पलीकडचीची. तुम्हीच म्हणालात ना, पलीकडचं आलं की खोली आली म्हणून."

फोटोवाल्याचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा बाईंचा चेहरा उत्तरपत्रिका तपासताना होतो. "बाई," तो म्हणाला, "मी खोली म्हणालो. खोली. विहिरीला असते ती. पुढचं जवळ दिसावं, मागचं लांब दिसावं, ती. डेप्थ."

बाई स्टुलावर बसल्या. जिथं लोक हनुवटी वर करून बसतात, त्या स्टुलावर, हनुवटी खाली करून. 'खोली' हा शब्द त्या दर वर्षी शिकवत होत्या. अनेकार्थी शब्द, पाठ चौथा. पहिला अर्थ, घराचा भाग. दुसरा अर्थ, खोलपणा. परीक्षेत हमखास येतो. जो चुकतो त्याला त्या म्हणत असत, शब्द डोळ्यांनी नाही, डोक्यानं वाचावा. फोटोवाल्यानं, सवयीनं, विचारलं, की आलाच आहात तर फोटो काढू का. बाई उठून गेल्या. वाटेत दुकानदार म्हणाला, "बाई, साबण आली." बाई म्हणाल्या, "आली तर येऊ दे."

बुकिंग रद्द करावं तर सुट्टी संपलेली, शब्द गेलेला, घर गेलेलं. बाईंनी ठरवलं की पाहुण्यांना दारातच खरं काय ते सांगायचं. पाहण्यासारखी खोली पलीकडं आहे, हवी असेल तर मोकळी करून देते, नको असेल तर आपले पैसे घ्या आणि जा. दोन दिवस त्या हे वाक्य घोकत होत्या. इतकं शुद्ध आणि इतकं लाजिरवाणं वाक्य त्यांनी आजवर रचलं नव्हतं.

पाहुणे आले ते दुपारचे. बाई आतल्या खोलीत चादरीचा शेवटचा कोपरा खोचत होत्या. बाहेर गाडी थांबली, फोनमधली रस्ता सांगणारी बाई 'आपण पोहोचला आहात' म्हणाली, आणि कुणीतरी पुरुष तिच्याशी वाद घालत होता, की आम्ही पोहोचलेलो नाही, तू चुकलेली आहेस. पायऱ्यांवर बुटांचा आवाज. बाई घाईनं बाहेरच्या खोलीत आल्या. त्या घराची पुढच्या दाराची चौकट ठेंगणी आहे, नवखा माणूस तिथं पहिल्या खेपेला कपाळमोक्ष करून घेतल्याशिवाय आत येऊच शकत नाही. बाई ओरडणार होत्या, डोकं सांभाळा. पण काळा चष्मा घातलेला, दोन्ही हातांत बॅगा धरलेला तो उंच माणूस चौकटीशी आला, आणि न बघता, न थांबता, त्याची मान आपोआप वाकली. तो आत आला. मग तो थांबला. आपण का वाकलो, ते त्यालाच कळेना.

बाईंना कळलं.

"दादा?"

बॅगा खाली पडल्या. काळा चष्मा निघाला. दादांनी भिंतीकडं बघितलं, छताकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, हंसाकडं बघितलं. डोकं हे घर पार विसरून गेलं होतं, मानेला मात्र ते पाठ होतं.

मागून वहिनी चौकटीला डोकं आपटून आत आल्या.

पुढची काही मिनिटं कुणीच पूर्ण वाक्य बोललं नाही. तुकडे जोडून बाईंना जे समजलं ते असं: हॉटेलवाल्यांशी व्यवहार पक्का करायला दादा गावात येत होते. त्या घरात माणूस राहू शकत नाही, तेव्हा राहायला कुठलं तरी चांगलं घर बघा, असं त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनींनी आपल्या बहिणीच्या खात्यावरून हे बुक केलं. दादांना फोटो दाखवला, तेव्हा ते म्हणाले होते, बघ, याला म्हणतात घर.

दादांचा धक्का ओसरला आणि आवाज चढला. ही फसवणूक आहे, मी तक्रार करणार, सगळ्या जगाला सांगणार.

वहिनी कपाळ चोळत म्हणाल्या, "अहो, सांगा की. सांगा, मी जिथं जन्मलो ते घर मला ओळखू आलं नाही."

दादांनी तक्रारीचा विषय तिथंच सोडला. मग त्यांना मुद्दा सापडला. "ते काही का असेना. आपलं ठरलं होतं परका माणूस. मी परका नाही. मी मोजायचा नाही."

"परके नाही, तर ओळखलं कसं नाही?" वहिनी म्हणाल्या. "आणि परके असाल, तर मोजा."

वाद तिथंच मिटला असता. पण बाईंनी स्वतःच वहिनींना थांबवलं. शब्द 'परका' होता, आणि दादा परका नव्हता. शब्दाला दोन अर्थ लावायचा उद्योग त्यांनी एकदा करून बघितला होता, तेवढा पुरे होता. त्या म्हणाल्या, दादा बरोबर आहे. उद्या हॉटेलवाले आले की मी सही करीन. आवाज अजिबात कापला नाही, आणि म्हणूनच वहिनींना त्यांच्याकडं बघवलं नाही.

तेवढ्यात दादांना आठवलं, की तिसऱ्या खोलीचेही पैसे दिलेले आहेत. "ती झालरवाली खोली कुठंय? निदान तिथं तरी झोपतो."

बाई त्यांना मेंदीच्या कुंपणातून पलीकडं घेऊन गेल्या. पलीकडची गडबडीनं पुढं झाली, पण ऐन दुपार होती, आणि पाहुण्यांसाठी पलंग फोटोतल्यासारखाच रचलेला होता. दादा दमून-भागून पलंगावर बसले आणि उशांनी 'अयाई' म्हटलं. दादा किंचाळून उभे राहिले. उशा कोसळल्या, चादर बाजूला झाली, आणि पलीकडचे विस्कटलेल्या केसांनी उठून बसले. त्यांनी डोळे बारीक केले.

"अरे," ते म्हणाले, "तू ना? पाण्यात बुडी मारायला घाबरायचास तो?"

"मी कधी घाबरलो?" दादा म्हणाले.

शाळेतल्या या दोन मित्रांना भेटून युग लोटलं होतं. पलीकडचे जागे आहेत म्हटल्यावर पलीकडचीनं लगेच चहा टाकला. कोण घाबरायचं आणि कोण पहिली उडी मारायचं, यावरून वाद इतका पेटला, की तो मिटवायला दोघे बाईंच्या मागच्या पायऱ्यांवर गेले, पुरावा म्हणून शेवटच्या पायरीवर बसले, आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. दादांची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. वहिनी खिडकीत बसून हे बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की या माणसाला पाण्याकाठी बसलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय. बाई उद्याच्या सहीसाठी टेबल मोकळं करत होत्या.

सकाळी हॉटेलवाले आले. गाडी थेट अंगणात घातली, फुलझाडांवरून. दादा हातात चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत बसले होते, अंगात बनियन, पाय खुर्चीवर, पाहुणे बसतात तसे अगदी निवांत. बाई टेबलाशी, पेन उघडून. हॉटेलवाले तरातरा पायऱ्या चढले आणि चौकटीला असे धडकले, की हंस पडला.

ते डोकं धरून आत आले. त्यांनी एक नजर भिंतींवर टाकली, एक छतावर. तोंड वाकडं केलं. म्हणाले, "पाडायचंच आहे म्हणा. या घरात माणूस राहू शकत नाही."

दादांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे? मग मी कोण आहे?"

हॉटेलवाल्यांना प्रश्न कळला नाही. बाईंनाही कळला नाही. दादा उभे राहिले.

"राहतोय की मी. पैसे देऊन राहतोय. काल दुपारपासून राहतोय, छान झोपलोय, आणि तुम्ही सकाळी सकाळी येऊन पाहुण्यांच्या तोंडावर सांगता की माणूस राहू शकत नाही? आणि ती गाडी काढा आधी. झाडं आहेत ती."

वहिनी आतून बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावून परत आत गेल्या. हॉटेलवाल्यांनी कागद पुढं केला, तर दादांनी तो न वाचता तसाच परत त्यांच्या हातात ठेवला. हे घर सध्या भरलेलं आहे, ते म्हणाले, आणि ते लवकर रिकामं व्हायची चिन्हं नाहीत. हॉटेलवाले बाईंकडं बघत राहिले. बाई दादांकडं बघत राहिल्या. पेनातली शाई टेबलावर पसरत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंना डाग पुसायचं सुचलं नाही.

गाडी मागं घेत घेत गेली. दादा पुन्हा खुर्चीत बसले. बहिणीकडं मुद्दाम न बघता त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि संकेतस्थळावरचे फोटो नीट, एकेक करून बघितले. शिडीवरून काढलेला पलंग बघितला, तिरकं घर बघितलं, उशांचा ढीग बघितला. मान हलवली.

"धाकटे," ते म्हणाले, "हे सगळे काढून टाक. घर इतकं चांगलं आहे आणि फोटो काय हे. पुढच्या वेळी फोटो मी काढणार. तुला त्यातलं काही कळत नाही."

शिडी, टक्कल, हंस, ते न पटलेलं हास्य, विहिरीला असते ती, सगळं बाईंच्या ओठांवर आलं. या एका वाक्याला त्यांच्यापाशी निदान दहा उत्तरं होती, सगळी व्याकरणशुद्ध. पण त्या वाक्याच्या मध्यावर 'पुढच्या वेळी' असे दोन शब्द होते. बाईंनी ते ऐकले, पुन्हा मनात म्हणून बघितले, आणि तोंड मिटून दादांचा कप भरायला आत गेल्या.